‘हलकं’ म्हणजे दर वेळी ‘लाइट’ नव्हे: नेमकं इंग्रजी विशेषण कसं निवडायचं

गंगापूर धरणाच्या बाजूला होमस्टे चालवणाऱ्या एका जोडप्याने मागच्या हिवाळ्यात त्यांचं माहितीपत्रक मला तपासायला दिलं. एकाच पानावर तीन वाक्यं होती: ‘वी सर्व्ह लाइट टी’, ‘अवर मिसळ इज लाइट स्पायसी’ आणि ‘रूम्स आर व्हेरी लाइट’. त्यांना म्हणायचं होतं, कमी पावडरचा चहा, कमी तिखट मिसळ आणि हवेशीर खोल्या. पहिलं वाक्य वाचून ब्रिटिश पाहुणा संध्याकाळच्या हलक्या खाण्याची वाट बघत बसेल, कारण तिकडे त्या खाण्यालाही ‘टी’ म्हणतात. दुसरं व्याकरणातच बसत नाही. तिसरं बिनचूक आहे, पण त्याचा अर्थ ‘खोल्यांत भरपूर उजेड आहे’ असा होतो. आणि त्या खोल्यांत तर भरदुपारी दिवा लावावा लागायचा.

नाशिकच्या कॉलेज रोडवर बसून मी असलीच कामं करतो. द्राक्षं बाहेर पाठवणारे, येवल्याच्या साड्या ऑनलाइन विकणारे, अंबड-सातपूरचे कारखानदार, मुलाखतीला निघालेली मुलं असे सगळे येतात, आणि सगळ्यांच्या कागदावर ‘लाइट’ हा शब्द मिठासारखा पेरलेला असतो. चूक शब्दसंग्रहाची नसते. फ्लफी, माइल्ड, फेंट हे शब्द यातल्या बहुतेकांना येतात. चूक क्रमाची असते. आधी इंग्रजी शब्द आठवायचा आणि मग त्यात अर्थ कोंबायचा, असं चालतं. खालच्या पायऱ्या उलट्या दिशेने जातात.

तयारी

आधी मराठी वाक्य पूर्ण लिहा. नुसतं ‘हलकं’ नाही, तर ‘ही बॅग हलकी आहे’ असं. शेजारी तीन रकाने आखा: कशाबद्दल बोलतोय, त्याचं उलट काय, आणि मी कौतुक करतोय की नाव ठेवतोय. हाताशी इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश ठेवा, तोही शिकणाऱ्यांसाठी बनवलेला, ज्यात प्रत्येक अर्थाखाली उदाहरणाचं वाक्य असतं. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांचे असे कोश नेटवर फुकट बघता येतात.

सावध: भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये सुटा शब्द टाकू नका. ‘हलका’ एकटा टाकलात तर ते ‘लाइट’च देणार. ते तरी काय करेल, त्याला तुमची बॅग दिसत नाही.

पायरी १: उलट शब्द शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. मराठीत ‘हलकं’चं उलट एकच नाही.

हलकी बॅग, उलट जड बॅग. हलका रंग, उलट गडद. हलका पाऊस, उलट मुसळधार. हलकं दुखणं, उलट जोराचं. हलकं कापड, इथे मात्र थांबा: उलट ‘जाड’ म्हणायचंय की ‘भारी प्रतीचं’? हलकंफुलकं बोलणं, उलट गंभीर. हलक्या प्रतीचा माल, उलट उत्तम.

मराठीत हे सगळं एका शब्दात मावतं. इंग्रजीत ‘लाइट’ त्यातल्या निम्म्याच ठिकाणी चालतो. एक गोष्ट माहीत असली की पुढचा घोळ कमी होतो: वजनाचा ‘लाइट’ आणि उजेडाचा ‘लाइट’ हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग आणि उच्चार मात्र सारखेच झाले. रंगाचा ‘लाइट’ उजेडाच्या घरातला, म्हणून त्याचं उलट ‘डार्क’. बॅगेचा ‘लाइट’ दुसऱ्या घरातला, उलट ‘हेवी’.

तपासणी: उलट शब्द एका झटक्यात सांगता येत नसेल, तर मराठी वाक्यच धूसर आहे. ते आधी दुरुस्त करा.

पायरी २: मामला वजनाचा असेल तर

इथे ‘लाइट’ चालतो आणि ‘लाइटवेट’ही चालतो, पण दोघांचं काम वेगळं. उचलल्यावर हाताला जाणवतं ते ‘लाइट’: ‘द बॉक्स इज लाइट’. मुद्दाम कमी वजनाचं बनवलंय हे सांगायचं असेल तर ‘लाइटवेट’: ‘अ लाइटवेट जॅकेट’, ‘अ लाइटवेट फ्रेम’. म्हणून विकणाऱ्याने ‘लाइटवेट’ वापरावा. त्यात करणाऱ्याची करामत दिसते. स्टीलऐवजी अॅल्युमिनियम वापरून भाग बनवणारा सातपूरचा कारखानदार ‘लाइटवेट’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मागे आकडा असतो: अॅल्युमिनियमची घनता घन सेंटिमीटरला सुमारे २.७ ग्रॅम, स्टीलची सुमारे ७.८. तो आकडा माहितीपत्रकात द्या, विशेषणाला वजन येतं.

सरकारी आणि तांत्रिक कागदांत ‘लाइट’ ही वर्गवारी असते, तिथे स्वतःची अक्कल चालवू नका. लायसन्सवरच्या ‘लाइट मोटर व्हेइकल’ची मर्यादा साडेसात हजार किलोपर्यंत जाते. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये (एचएएल) बनणारं तेजस हे ‘लाइट कॉम्बॅट एअरक्राफ्ट’, आणि उडताना त्याचं सगळं मिळून वजन साडेतेरा टनांपर्यंत जातं. इथे हलकं म्हणजे आपल्या गटातल्या इतरांपेक्षा हलकं. अशा नावांत ‘लाइट’च्या जागी ‘लाइटवेट’ घातलंत तर कागद परत येईल.

बाकीचे तीन शब्द. ‘पोर्टेबल’ म्हणजे नेण्याजोगं. ते हलकं असेलच असं नाही, पोर्टेबल जनरेटर उचलून बघा. ‘वेटलेस’ म्हणजे वजनच न जाणवणारं, त्यामुळे ‘व्हेरी वेटलेस’ होत नाही, ‘ऑलमोस्ट वेटलेस’ होतं. ‘बॉयंट’ म्हणजे तरंगणारं. रामकुंडात सोडलेला द्रोणातला दिवा ‘बॉयंट’, पुरात वाहून आलेला मणभर ओंडकाही ‘बॉयंट’, आणि हातात न जाणवणारी सुई मात्र बुडते. वजन आणि तरंगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लासलगावात कांद्याचा भाव चढला की त्या बाजारालाही ‘बॉयंट’ म्हणता येतं.

उपमा द्यायची असेल तर आपण फुलासारखं किंवा कापसासारखं हलकं म्हणतो. इंग्रजीत पीस येतं: ‘अ‍ॅज लाइट अ‍ॅज अ फेदर’. एका शब्दात हवं तर ‘फेदर-लाइट’. फुलाची उपमा दिलीत तर कळेल, पण वाचणारा क्षणभर अडखळेल.

पायरी ३: मामला जोराचा किंवा प्रमाणाचा असेल तर

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून ही पायरी लांब आहे.

पाऊस, वारा, रहदारी, झोप, जेवण, स्पर्श, काम, शिक्षा या शब्दांबरोबर ‘लाइट’ बिनधास्त लावा. ‘लाइट रेन’, ‘लाइट ट्रॅफिक’, ‘अ लाइट स्लीपर’, ‘अ लाइट लंच’, ‘अ लाइट टच’. पावसाच्या बाबतीत तर हवामान खात्याचं मापच ठरलेलं आहे: चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे ‘लाइट रेन’, आणि ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘हेवी’. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलेलं असताना शहरात भुरभुरच पडत असेल, तर वाक्यात दोन्ही सांगा: शहरात ‘लाइट रेन’, धरणक्षेत्रात ‘हेवी रेन’. वाऱ्याला ‘लाइट ब्रीझ’ आणि ‘जेंटल ब्रीझ’ दोन्ही चालतात. बोफर्ट मापनात मात्र त्या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, ताशी ६ ते ११ किलोमीटर आणि १२ ते १९ किलोमीटर. बोलताना एवढं मोजायची गरज नाही.

आता जिथे ‘लाइट’ चालत नाही ते. अंगात हलका ताप, कणकण: ‘अ स्लाइट फीवर’ किंवा ‘माइल्ड फीवर’. हलकं दुखणं: ‘स्लाइट पेन’, ‘माइल्ड पेन’. डॉक्टरला ‘लाइट पेन’ सांगितलंत तर त्यांना कळेल, कारण तेही नाशिकचेच. परदेशातल्या विमा कंपनीच्या फॉर्मवर लिहिलंत तर तिकडचा माणूस विचारात पडेल. किरकोळ अपघात, किरकोळ जखम: ‘मायनर’. हलकासा फरक: ‘अ स्लाइट डिफरन्स’. हलकासा वास किंवा लांबून येणारा आवाज: ‘फेंट’. हलकंसं हसू: ‘अ फेंट स्माइल’. हळू आवाज: ‘सॉफ्ट’ किंवा ‘लो’. कमी तिखट: ‘माइल्ड’, नाहीतर ‘माइल्डली स्पायसी’. फिका चहा: ‘वीक टी’.

स्लाइट, माइल्ड आणि फेंट यांत गोंधळ होतो. ‘स्लाइट’ प्रमाण सांगतो, थोडंसं. ‘माइल्ड’ स्वभाव सांगतो, सौम्य, टोचत नाही. ‘फेंट’ म्हणजे कसंबसं जाणवणारं. तव्यावरून येणारा जळका वास ‘स्लाइट’ असेल तर तो आहे, पण थोडा आहे. ‘फेंट’ असेल तर येतोय की नाही हे बघायला तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन याल. ‘माइल्ड’ असेल तर तो वास त्रास देत नाही. आणि जळक्या वासाला ‘माइल्ड’ म्हणणारा माणूस बहुधा ती पोळी करपवणाराच असतो.

सावध: ‘स्लाइट’ माणसाला लावला तर त्याचा अर्थ अंगाने किरकोळ, लहानखुरा असा होतो. ‘अ स्लाइट गर्ल’ म्हणजे किडकिडीत मुलगी.

तपासणी: नामाच्या पुढे ‘थोडा’ घालून मराठी वाक्य म्हणा. ‘थोडा ताप’, ‘थोडा फरक’ जमतं, म्हणजे ‘स्लाइट’ची शक्यता जास्त. ‘सौम्य’ घालून बरं वाटलं तर ‘माइल्ड’. ‘जेमतेम जाणवणारा’ जुळलं तर ‘फेंट’.

पायरी ४: मामला पोताचा असेल तर

कापड, खाणं, केस, ढग. इथे ‘लाइट’ चुकत नाही, पण डोळ्यांपुढे काही उभं करत नाही. येवल्याची नुसती ‘लाइट’ साडी म्हटलं तर घेणाऱ्याला काय कळणार? कापड अंगाला जाणवत नसेल तर ‘लाइटवेट’. पलीकडचं दिसत असेल तर ‘शिअर’. सूत बारीक आणि नाजूक असेल तर ‘फाइन’ किंवा ‘डेलिकेट’. हवा खेळत असेल तर ‘एअरी’ नाहीतर ‘ब्रीदेबल’. ‘गॉसमर’ हा मुळात कोळ्याच्या उडत्या धाग्याचा शब्द. वर्षातून एकदा वापरला तर सुंदर, प्रत्येक साडीला लावला तर गिऱ्हाईक दुकानच बदलतं. ‘ईथिरिअल’ तर इहलोकातला वाटतच नाही. ओढणीच्या फोटोखाली चालेल, लॅपटॉपच्या बॅगेखाली नाही.

खाण्यात इडली आणि ढोकळा ‘फ्लफी’. केक ‘लाइट अँड एअरी’. खारी ‘फ्लेकी’. चिवडा ‘लाइट अँड क्रिस्प’, आणि त्यात मीठ कमी असेल तर ‘लाइटली सॉल्टेड’. पचायला हलकं असेल तर ‘लाइट ऑन द स्टमक’. मिसळीचा रस्सा पातळ असेल तर ‘थिन’ म्हणायचा मोह आवरा, त्यात पाणी जास्त पडल्याची तक्रार ऐकू येते.

वाइन बनवणाऱ्यांसाठी एक खास इशारा. ‘लाइट वाइन’ एवढंच लिहिलंत तर अल्कोहोल कमी, रंग फिका की चव सौम्य, काहीच कळत नाही. त्यांच्या धंद्यातला शब्द ‘लाइट-बॉडीड’, त्यापुढे ‘मीडियम-बॉडीड’ आणि ‘फुल-बॉडीड’. बॉडी म्हणजे तोंडात किती भरल्यासारखं वाटतं ते. साय काढलेलं दूध आणि म्हशीचं निरसं दूध एकेक घोट घेऊन बघा, फरक कळेल.

केसांच्या विरळ बटा आणि ब्रह्मगिरीवर रेंगाळणारे पिंजल्यासारखे ढग, दोन्हींना ‘विस्पी’. खोली हवेशीर असेल तर ‘एअरी’, उजेडाची असेल तर ‘ब्राइट’. दोन्ही असेल तर ‘ब्राइट अँड एअरी’ लिहा, पण आधी खोलीत जाऊन उभे राहा.

पायरी ५: कौतुक की निंदा, ते ठरवा

मराठीत ‘हलकं’ पटकन खाली घसरतं. हलक्या प्रतीचा, हलक्या कानाचा, आणि पुढे थेट हलकट. इंग्रजी ‘लाइट’ त्या बाजूला जात नाही. ‘लाइट क्वालिटी’ असं काही नसतं, ‘पुअर क्वालिटी’ म्हणतात. हलक्या कानाचा माणूस ‘गलिबल’.

निंदेचे शब्द वेगळे आहेत आणि ते चुकून कौतुकात शिरतात. माझ्या हातून एकदा असंच झालं. एका पिशवीवाल्याच्या कॅटलॉगमध्ये तेच तेच शब्द टाळायचे म्हणून मी ‘फ्लिम्झी’ लिहिलं. फ्लिम्झी म्हणजे तकलादू. पिशव्या चांगल्या होत्या, कॅटलॉग पुन्हा छापावा लागला, आणि छपाईचा खर्च मी दिला. तेव्हापासून हा रकाना मी कधी रिकामा सोडत नाही. ‘फ्लिम्झी एक्सक्यूज’ म्हणजे तकलादू सबब, असं लक्षात ठेवलं की हा शब्द पुन्हा विकायच्या मालावर चिकटत नाही.

तसंच बारीक माणसाचं. ‘स्लिम’ आणि ‘स्लेंडर’ कौतुक, ‘थिन’ मधलं, ‘स्किनी’ बहुधा टोचणारं.

‘लाइटवेट’ वस्तूला लावला तर गुण, माणसाला लावला तर अपमान: बुद्धीने किंवा वकुबाने कमी. बोलीभाषेत दोन घोटांत डुलायला लागणाऱ्यालाही ‘लाइटवेट’ म्हणतात. आपल्या या वाइनच्या शहरात हा अर्थ माहीत असलेला बरा.

पायरी ६: जोडशब्दांचे सापळे ओलांडा

एका मुलाने मुलाखतीनंतर कंपनीला आभाराचं पत्र पाठवलं आणि त्यात लिहिलं, ‘आफ्टर द इंटरव्ह्यू आय फेल्ट लाइट-हेडेड’. त्याला म्हणायचं होतं, डोकं हलकं झालं, ताण उतरला. ‘लाइट-हेडेड’ म्हणजे चक्कर येणं. तिकडून काळजीचं उत्तर आलं: तब्येत बरी आहे ना? त्याने लिहायला हवं होतं ‘आय फेल्ट रिलीव्ह्ड’.

दुसरा सापळा ‘लाइट-फिंगर्ड’. आपण हलक्या हाताने पुरणपोळी लाटणाऱ्या काकूंचं कौतुक करतो. इंग्रजीत लाइट-फिंगर्ड म्हणजे चोरटा, हातसफाईवाला. काकूंसाठी ‘शी हॅज अ लाइट हँड’. ‘लाइट-हार्टेड’ मात्र सरळ आहे: मजेचं, हलकंफुलकं.

पायरी ७: वाक्यात जागा द्या

शब्द मिळाला, आता तो बसवा. हे वाक्य बघा: ‘अ लाइट पिंक कॉटन सारी’. साडी हलकी आहे की गुलाबी रंग फिका आहे? वाचणारा फिका गुलाबीच समजणार, कारण ‘लाइट’ लगतच्या रंगाला चिकटतो. वजन सांगायचं असेल तर ‘अ लाइटवेट पिंक कॉटन सारी’. क्रमही हाच: आधी मत, मग गुण, मग रंग, मग कशाचं ते, शेवटी वस्तू. ‘अ लव्हली लाइटवेट पिंक कॉटन सारी’. ‘कॉटन लाइट सारी’ हे मराठी मनातलं इंग्रजी आहे.

तुलनेत ‘लाइटर’, ‘लाइटेस्ट’. ‘मोर लाइट’ लिहिलंत तर अर्थ ‘जास्त उजेड’ होतो. फ्लफी, फ्लिम्झी, एअरी यांना ‘मोर’ लागत नाही: फ्लफिअर, फ्लिम्झिअर, एअरिअर. विशेषणाचं प्रमाण सांगायला त्यापुढे दुसरं विशेषण ठेवू नका, ‘-ली’वालं रूप ठेवा. ‘लाइट स्पायसी’ नाही, ‘माइल्डली स्पायसी’. ‘लाइट सॉल्टेड’ नाही, ‘लाइटली सॉल्टेड’. याला एक अपवाद तोंडात बसवून ठेवा: कमी सामान घेऊन प्रवास करणं म्हणजे ‘ट्रॅव्हल लाइट’. तिथे ‘लाइटली’ येत नाही.

पाकिटांवर दिसणारं एल-आय-टी-ई हे स्पेलिंग जाहिरातीतलं आहे, कमी चरबी किंवा कमी कॅलरी सांगणारं. अर्जात, पत्रात, उत्तरपत्रिकेत ते वापरू नका.

तपासणी: तयार झालेली विशेषण-नाम जोडी अवतरणचिन्हांत घालून शब्दकोशात किंवा गुगलवर शोधा. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या वर्तमानपत्रांत ती सापडली तर ठेवा. फक्त आपल्याकडच्या दुकानांच्या पानांवर सापडली तर पायरी १ वर परत जा.

एक पान सुरुवातीपासून

होमस्टेचं ते पान आम्ही असं सोडवलं. चहा: उलट कडक, म्हणजे ‘वीक’. पण ‘वी सर्व्ह वीक टी’ ही कोणी जाहिरात करतं का? पायरी ५ वर अडलं. शेवटी ‘टी, अ‍ॅज स्ट्राँग ऑर अ‍ॅज माइल्ड अ‍ॅज यू लाइक’. मिसळ: उलट झणझणीत, कौतुक, म्हणून ‘अ माइल्डली स्पायसी मिसळ’, आणि खाली बारीक अक्षरात ‘एक्स्ट्रा तर्री ऑन रिक्वेस्ट’, कारण नाशिककर पाहुणेही येतात. खोल्या: उलट कोंदट, म्हणजे ‘एअरी’. वहिनींना त्यापुढे ‘ब्राइट अँड’ही हवं होतं. मी दिवसा येऊन खोली बघतो म्हटलं, तेव्हा दादांनीच ते शब्द खोडले आणि लगेच सुताराला फोन लावून उत्तरेच्या भिंतीत खिडकी किती मोठी करता येईल ते विचारलं.